नागपूरचे पेरू

पमे, तुझी बातमी अजून फळ्यावर लिहिलेली नाही.

तेरावं झालं तरी नाही. बाळा प्लंबर मागे लागलाय, "सुमनताई, दोन ओळी तरी लिहा, बरं दिसत नाही." कुणाच्या गावी गाईला वासरू झालं तरी दुसऱ्या दिवशी सकाळी खडू घेऊन उभी राहणारी बाई मी, आणि बरं काय दिसतं ते मला बाळा शिकवतोय. शिकवू दे. मी फळ्यापाशी जाते, 'प्रमिला' एवढं लिहिते आणि पुसून टाकते. मग टेबलाशी येऊन फोन उचलते. तिसऱ्या मजल्यावर नळ गळतोय? बरं, माणूस पाठवते.

लाज वाटते गं. रडू येतं ते वेगळं. ते बसमध्येही येतं, भाजी चिरतानाही येतं, त्याचं काही नाही. पण फळ्यासमोर उभी राहिले की लाज वाटते. तोंडावर पदर घेऊन तिथून निघून जावंसं वाटतं.

तुला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगते. जिवंतपणी तू मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाहीस. आता ऐक.

तो फळा आपण दोघींनीच आणला होता. इतिहासाच्या वर्गात नवे पांढरे बोर्ड लागले आणि जुना काळा फळा भंगारात निघाला. तू सफाईची मुकादम, भंगार तुझ्या नजरेखालून जायचं. तू मला तक्रारीच्या फोनवरून उठवून नेलंस, "चल गो, एक वस्तू गावली हा." तो अवजड फळा तू पुढून आणि मी मागून धरून पंप हाऊसच्या मागच्या शेडपर्यंत आणला आणि वाटभर तू मला शिव्या घातल्यास, की मी देशावरची भाकरी खाते पण जोर काडीचा नाही. शेडमध्ये चहाच्या शेगडीसमोर तो लावला. वर मी लिहिलं, 'आपल्या माणसांची बातमी'. प्राध्यापकांच्या बातम्या विद्यापीठाच्या पत्रिकेत रंगीत फोटोसकट छापून येतात. आपलं कोण छापणार? सुताराची मुलगी दहावी पास झाली, वॉचमनला मुलगा झाला, एखादा रंगारी रिटायर होतोय. पंखे, नळ, दिवे, संडास बघणाऱ्या माणसांच्या घरीही काहीतरी घडतं, हे कुठेतरी लिहिलेलं असावं, एवढंच वाटलं होतं मला. वाईट नव्हतं ना वाटलं?

आणि सुट्टीच्या गोष्टी. ती प्रथा कुणी सुरू केली ते आता कुणाला आठवत नाही, पण कायदा कडक होता. मे महिन्यात सगळं विद्यापीठ रिकामं झालं की आपलं काम सुरू. टाक्या धुवा, गळती शोधा, रंग काढा. म्हणून आपल्याला रजा मिळायची ती पाळीपाळीने, तुकड्यातुकड्याने. जो जाऊन येईल त्याने येताना दोन वस्तू आणायच्या: एक खाऊ आणि एक गोष्ट. रंगाच्या पालथ्या डब्यावर बसायचं आणि चहाच्या वेळी सांगायचं. "काही विशेष नाही झालं" हे उत्तर चालायचं नाही, बाळा कप काढून घ्यायचा. जे इथेच बादल्या घेऊन राहिले त्यांचीही थोडी सुट्टी त्या डब्यासमोर व्हायची. मग ती गोष्ट मी फळ्यावर लिहायची, आठ-दहा ओळींत.

लिहिताना मी थोडं मीठमसाला घालायची. थोडं कसलं, मूठभर घालायची. बाळाच्या गोष्टीतला साप मी नाग केला. माळीबुवांना शिर्डीला पाकिटमार भेटला होता, मी तो बुवांकडून पकडवला. कुणी तक्रार केली नाही, उलट आपापली गोष्ट फळ्यावर वाचून माणसं खूश व्हायची. तूच एकटी कमरेवर हात ठेवून वाचायचीस आणि म्हणायचीस, "काय गो, आज फळ्याक काय खाऊक घातलंस?"

पण जिभेला हाड नसतं तसं माझ्या खडूलाही नव्हतं. साहेबांच्या बदलीचं आठवतं? इंजिनीअर साहेब दुसऱ्या कॅम्पसला जाणार असं मी ऑफिसात अर्धवट ऐकलं आणि ठोकून दिलं फळ्यावर. सुतारांनी तर आनंदाने बटाटेवडे आणले. वडे खाऊन होत नाहीत तोच साहेब शेडमध्ये. त्यांनी बातमी शांतपणे वाचली, एक वडा उचलला आणि म्हणाले, "सुमनताई, मला माझी बदली तुमच्याकडून कळतेय. पुन्हा एक खोटी बातमी दिसली की हा फळा भंगारात." त्या दिवशी मी तुझ्याजवळ बसून रडले होते. तू म्हणालीस, "जाता खंय फळो? मी आसय मा." हे बोलून तू बांधली गेलीस पमे. मला तेव्हा काय कळणार.

त्यानंतर पंधरा दिवस झाले असतील नसतील. तू शेडच्या दारात फोनवर होतीस आणि एकदम ओरडलीस, "सुमन गो, माझो झील पास झालो!" निलेशने नागपूरच्या सरकारी नोकरीसाठी परीक्षा दिली होती, हे मला ठाऊक होतं. निलेशचे वडील गेल्यापासून तुम्ही दोघंच. तू त्या पोरासाठी किती उपास केलेस तेही ठाऊक होतं. तुझे डोळे भरून आले होते. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावर पाणी सांडल्याची तक्रार आली आणि तू बादली घेऊन पळालीस. तू परत येईपर्यंत थांबायचं की नाही? विचारायचं की नाही, की बाई कसली परीक्षा, पुढे काय? बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातली गत. मी तिथल्या तिथे लिहिलं: 'प्रमिलाच्या निलेशला सरकारी नोकरी! नागपूरला पोस्टिंग! पेढे कधी?'

तू वर फरशी पुसून खाली आलीस तेव्हा शेडमध्ये टाळ्या चालल्या होत्या. साहेब नेमके आले होते. त्यांनी तुझा हात हातात घेतला, "प्रमिलाबाई, शाब्बास, एकटीने वाढवलंत." तू फळ्याकडे पाहिलंस. मग माझ्याकडे पाहिलंस. ती नजर मला आता दिसते. तेव्हा मला वाटलं, आनंदाने बाईची वाचा बसली.

दुसऱ्या दिवशी तू पेढे आणलेस.

पुढच्या मे महिन्यात तू रजा घेतलीस, 'झिलाकडे नागपूराक'. आलीस ती संत्रा बर्फी घेऊन. डब्यावर बसून तू जी गोष्ट सांगितलीस ना, पमे, तशी गोष्ट त्या डब्यावर कुणी सांगितली नाही. निलेशचं दोन खोल्यांचं क्वार्टर. दारात कूलर, त्याच्या वाळ्याच्या वासाने झोप लागते. शेजारची देशमुखीण, जी रस्सा वाढते आणि वाढता वाढता विचारते, "तिखट चालतं ना?", आणि उत्तर ऐकायच्या आत ताट भरते. तू तिचा आवाज काढलास, पदर खोचलास, रस्सा खाऊन तुझ्या कानातून धूर निघाला तोही करून दाखवलास. बाळा हसता हसता खाली बसला. मी लिहायला घेतलं तर हात थांबेना. दोन खोल्यांचं क्वार्टर मला जरा साधं वाटलं, म्हणून मी आपलं एक वाक्य घातलं: 'क्वार्टरच्या मागे पेरूचं झाड आहे, फळांनी लगडलेलं.' तू वाचलंस.

दिवाळीच्या खेपेला तू पेरू आणलेस. देठाला पानं होती. माझ्या टेबलावर चार पेरू ठेवलेस आणि म्हणालीस, "घे गो, तुझ्या झाडाचे." मी हसले. मला वाटलं, बाई लाडात आली. मिठाबरोबर खाल्ले मी ते, पमे. आणि शेडभर सांगत सुटले, की नागपूरच्या पेरूची सर आपल्याकडच्या पेरूला नाही.

अशी तीन-चार वर्षं गेली. निलेशला बढती मिळाली, ती मीच लिहिली. तू "बरा चल्ला हा त्याचा" एवढंच म्हणाली होतीस. मोटारसायकल घेतली, तीही मीच लिहिली. तू सांगायचीस पावशेर, मी लिहायची शेरभर, आणि पुढच्या सुट्टीला तुला ते शेरभर निभवावं लागायचं. माझी चेष्टा करायला आता तूही नाहीस. मी एकटीच बसून त्या बातम्या आठवते आणि माझेच कान गरम होतात.

त्याच वर्षांत तू मला घरी बोलवणं बंद केलंस. आधी संक्रांतीला तिळगूळ असायचा, बोरीवलीहून वेळ काढून मी भांडुपला यायची, तू आंबोळ्या करायचीस. ते सगळं थांबलं. मला राग आला. मी बाळाला म्हणालेसुद्धा, "मुलगा सरकारी झाला, आता आम्ही कशाला लागतो?" हे तुझ्यापर्यंत पोचलं होतं का गं? पोचलं असेल तर तू ते कधी दाखवलं नाहीस. मेली, दाखवायचं तरी. दोन शिव्या घालायच्या होत्यास, मी चार घातल्या असत्या, आणि त्या भांडणात एखाद वेळेस खरं बाहेर पडलं असतं.

भांडण झालं एकदाच, मागच्या गणपतीनंतर. तुझा गुडघा सुजला होता, तू जिना धरून धरून उतरत होतीस. मी सगळ्यांसमोर बोलले, "तुझा लेक एवढा मोठा झाला, एकदा आईला बघायला कॅम्पसवर येत नाही? नोकरी लागली की आई विसरतात ही पोरं." तू जिन्यावर थांबलीस. इतकी वर्षं तू माझ्यावर ओरडलीस, पण तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "माझ्या झिलाक काय बोललंस तर याद राख! तुका काय म्हाईत गो माझो झील कसो आसा ता!" आठवडाभर तू बोलली नाहीस. मग एक दिवस माझ्या टेबलावर शेवग्याच्या शेंगा ठेवून गेलीस आणि भांडण संपलं, असं मी धरलं. मिटलं मात्र नव्हतं. मी माफी मागितली नव्हती. मला वाटत होतं, माझंच बरोबर आहे.

आता तो दिवस सांगते.

सकाळी सभागृहाच्या पायऱ्यांवर तू छाती धरून बसलेली बाळाला दिसलीस. "कायव नाय गो, गॅस झालो," म्हणालीस, पण चेहरा राखेसारखा झाला होता. ॲम्ब्युलन्सची वाट कोण बघणार, बाकं वाहून नेणारा आपला टेम्पो उभा होता, त्यात गादी टाकून तुला नेलं. बाळा पुढे, मी मागे तुझ्याजवळ. तुझा हात घामाने गार झाला होता. मी म्हणाले, "निलेशला फोन करते." तू मान हलवलीस. "नको गो. लांब आसा तो." मी म्हणाले, "लांब कसला, विमान आहे की आता." तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, "सुमन, तुका एक सांगूचा आसा."

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "आधी बरी हो, मग सांग. फळ्यावर लिहिते."

तुला हसवायला म्हणाले गं. तू तोंड मिटलंस आणि मान दुसरीकडे वळवलीस. हॉस्पिटलात तुला आत नेलं, आणि दुपारी डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं.

हे वाक्य मी रोज परत परत म्हणून बघते. फळ्यावर लिहिते. मरणाच्या दारात बसलेली बाई मला काहीतरी सांगू पाहत होती, आणि तिला कळलं, की हिच्या कानात पडलं की ते भिंतीवर जाणार. वीस वर्षांच्या मैत्रिणीवर तेवढाही भरवसा ठेवायची तुझी सोय मी ठेवली नव्हती.

तुझी पिशवी माझ्या मांडीवर होती. त्यातला तुझा फोन वाजला. वर 'निलू' असं नाव. मी उचलला. पलीकडून तो म्हणाला, "आई, डबा ओट्यावरच विसरलीस. नेहमीसारखा गेटबाहेरच्या चहावाल्याकडे ठेवू का? मी आता जातोच आहे त्या बाजूने."

मी म्हणाले, "निलेश, नागपूरहून बोलतोयस?"

तो म्हणाला, "मी नाहूरला आहे, कामावर. कोण बोलतंय? आई कुठे आहे?"

पंधरा-वीस मिनिटांत तो आला. कंपनीचा निळा शर्ट, भुवयांवर भिंतीची पांढरी भुकटी, हातात तुझा डबा. एसी बसवायला भोकं पाडत होता, तिथून तसाच आला होता. तू सकाळपासून तिथे होतीस, आणि तो एकाच स्टेशनाच्या अंतरावर होता, पमे. मी त्याला बोलावलं असतं तर तू त्याला बघितलं असतंस. त्याने तुला बघितलं असतं. त्याने मला ओळखलं आणि पहिला प्रश्न विचारला, "मावशी, मला कुणी फोन का नाही केला?" बाळा माझ्याकडे बघत होता. मीच तुला नागपूरला धाडलं होतं रे बाबा, असं म्हणू?

तेराव्याला मी रजा टाकून तुझ्या घरी आले. इतक्या वर्षांनी. दारात तीच तुळस, ओट्यावर तीच नारळ खवायची, अडकित्त्यासारखी करकरणारी खवणी. जेवणं उरकली, माणसं पांगली, शेजारच्या बायका भांडी घासायला गेल्या, तेव्हा निलेश माझ्यासमोर येऊन बसला. त्याने मला सगळं सांगितलं, न ओरडता. ओरडला असता तर बरं झालं असतं.

तो पास झाला होता लेखी परीक्षेत. मुलाखत पुढच्या महिन्यात होती. तू घरी येऊन त्याला म्हणालीस, "सुमनेन लिवल्यान हा, आता तू खरा करून दाखव." महिनाभराचा तर प्रश्न होता, तेवढ्यासाठी फळा कशाला भंगारात घालवायचा, असं तुझं म्हणणं. मुलाखतीत तो पडला. "त्या दिवशी आई म्हणाली, सांगते उद्या सुमनला. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही लोकांनी तिला साडी दिलीत, आदर्श आई म्हणून. ती घेऊनच घरी आली." ती साडी, पमे. वर्गणी मीच काढली होती, रंगही मीच निवडला.

मग तो म्हणाला, "सुरुवातीला तुमच्यासाठी होतं, मावशी. नंतर मला वाटतं, आईला आवडायला लागलं." पाण्याचं भांडं माझ्यापुढे सरकवलं. "माझ्यापेक्षा तुमच्या फळ्यावरचा मी बरा होता."

मी म्हणाले, "असं बोलू नकोस." पण कुठल्या तोंडाने म्हणाले? जो मुलगा रोज संध्याकाळी आईचे पाय चेपून देत होता, विसरलेला डबा गेटपर्यंत आणून देत होता आणि आतमध्ये पाऊल टाकत नव्हता, त्याला मी चारचौघांत आई विसरलेला म्हटलं होतं. त्याच्या कंपनीला आपल्या ग्रंथालयाच्या एसींचं काम मिळत होतं, तेव्हा मालकाने ह्याला पाठवायचं ठरवलं. कायमचं काम, घराजवळ. ह्याने नाही म्हणून सांगितलं. आईची फजिती नको. तू ते ऐकून रात्री जेवली नाहीस म्हणे.

मग त्याने मला विचारलं, "मावशी, नागपुरात काय काय होतं हो आमचं?"

मला आधी कळेना. तो म्हणाला, "आई घरी त्यातलं काहीच सांगायची नाही. सुट्टीत चार दिवस दार लोटून आम्ही घरात बसायचो, कुणाला दिसायला नको म्हणून. ती आपली पापड लाटायची आणि मधेच एकटीच हसायची. मी विचारलं तर म्हणायची, कायव नाय. काय सांगायची ती तुम्हाला?"

मी सांगितलं सगळं. कूलर सांगितला, वाळ्याचा वास सांगितला. देशमुखीण सांगितली, तुझ्यासारखा पदर खोचून, मला जमेल तसा आवाज काढून. तुझी सर कुठली येणार, पण तो हसला. भिंतीला डोकं टेकवून हसला, आणि हसता हसता म्हणाला, "ही तर आमच्या चाळीतली काकी!" मग मी पेरूचं झाड सांगितलं, आणि तो हसायचा थांबला.

"ते पेरू मी आणायचो," तो म्हणाला. "भांडुप स्टेशनबाहेरून. आई बजावून सांगायची, पानासकट बघून आण, झाडावरून आता काढल्यासारखे वाटायला हवेत. मला वाटायचं, साहेबांसाठी असतील."

मग तो रडला, पमे. तू गेल्यावर पहिल्यांदा, असं शेजारीण नंतर म्हणाली. आणि मी तिथे बसून होते, त्याच्या पाठीवर हात ठेवायचासुद्धा मला अधिकार नाही असं वाटत. शेवटी ठेवला.

निघताना मी त्याला म्हणाले, "मी उद्या फळ्यावर खरं लिहिते. सगळं." त्याने मान हलवली. "फळ्यावर नको. लोक अर्धं वाचतात आणि आईला खोटी म्हणतात. तुम्ही तोंडाने सांगा."

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. चहाच्या वेळी सगळे शेडमध्ये होते, साहेबही होते, तुझ्या जागेवर नवी मुकादम कोण यावर काहीतरी बोलणं चाललं होतं. बाळाने मला कप दिला आणि सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "या सुमनताई, सुट्टीची गोष्ट?" लगेच त्याने जीभ चावली. कसल्या सुट्टीवरून मी आले होते ते त्याला आठवलं. म्हणाला, "सॉरी ताई."

मी म्हणाले, "नाही रे. आहे गोष्ट."

मी डब्यावर बसले. इतकी वर्षं मी समोर खडू घेऊन बसायची, लोकांच्या गोष्टी ऐकायची. डबा किती बुटका आहे, सगळे वरून आपल्याकडे बघतात, हे मला पहिल्यांदा कळलं. मी म्हणाले, "मी भांडुपला गेले होते. निलेशकडे. निलेश कधी नागपूरला गेलाच नव्हता."

आणि सांगितलं. मीठ नाही, मसाला नाही. परीक्षा कसली होती, मी काय लिहिलं, साहेबांनी तुझा हात धरला तेव्हा तू फळ्याकडे का पाहिलंस. झाड मी लावलं होतं आणि पेरू तुला विकत आणावे लागले. टेम्पोत तू काय म्हणालीस आणि मी काय म्हणाले, तेही सांगितलं. तिथे बाळाने कप काढून घेतला, म्हणजे हातातून सांडत होता म्हणून. मी पाणी प्यायले आणि उरलेलं सांगितलं. "खोटं प्रमिला बोलली नाही," मी म्हणाले. "खोटं मी लिहिलं, आणि ती ते उचलून धरून उभी राहिली." मग उठून खडूचा डबा साहेबांच्या हातात दिला. "तुम्ही बोलला होतात. टाका भंगारात."

साहेबांनी तो डबा शेगडीशेजारी ठेवला आणि म्हणाले, "फळा राहू दे. पुढच्या वेळी लिहायच्या आधी माणसाला विचारत जा." एवढंच. मला वाटलं होतं, रागावतील. थोड्या वेळाने माळीबुवा नाक पुसत म्हणाले, "पेरू मात्र गोड होते हो." आणि बाळा, तो तोंडाळ बाळा, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मला हलकं वाटलं का? नाही वाटलं. तू शेडच्या दारात येऊन "काय गो, आज बिनमसाल्याचा जेवाण वाढलंस" असं म्हणाली असतीस तर वाटलं असतं.

मी साहेबांना एकच गोष्ट मागितली, आणि त्यांनी निलेशच्या कंपनीला फोन केला.

आज सकाळी मी तक्रारीच्या फोनवर बसले होते. गेटवरून सिक्युरिटीवाल्याचा फोन आला, तो नवीन आहे, तुला त्याने बघितलेलं नाही. म्हणाला, "मॅडम, एक एसीवाला आलाय. कुठून आला विचारलं तर कंपनीचं नाव सांगायचं सोडून आईचं नाव सांगतोय. म्हणतो, प्रमिला मुकादमचा मुलगा. काय करू, सोडू आत?"

दिवसभर शंभर लोकांना उत्तरं देणारी मी, फोन कानाला धरून उभी राहिले आणि आधी पदर सारखा केला. तो पलीकडून 'हॅलो, हॅलो' करत राहिला.

मग म्हणाले, "सोड रे. आपलाच आहे."